कोची ते कोल्हापूर: पथकाच्या बोटीची वाहतूक, प्रकल्प नोंदी

२ मार्च २०२५

गावच्या पूर-बचाव पथकासाठी बोटीची ऑर्डर आज पक्की झाली. १८ फुटी फायबरची बोट, रुंदी साडेसहा फूट, खोली तीन फूट, तळ जवळजवळ सपाट. इंजिन सोडून वजन साधारण ४५० किलो. मागे २५ एचपीचं ओबीएम, म्हणजे बाहेरून बसवायचं इंजिन. यार्ड कोचीच्या दक्षिणेला अरूरमध्ये आहे. आगाऊ रक्कम पाठवली. मेच्या दुसऱ्या आठवड्यात बोट तयार मिळेल असं त्यांनी लिहून दिलंय.

पैसा गावाचा आहे. तालमीच्या पोरांनी दोन वर्षं गणपतीत साउंड सिस्टीम लावली नाही, ते पैसे बाजूला टाकले. उसाचं बिल आल्यावर लोकांनी आपणहून आणून दिले. म्हणून ही बोट गावात पोचेपर्यंतची प्रत्येक गोष्ट लिहून ठेवायचं ठरवलंय. अक्का हिशेब ठेवणार, मी नोंदी.

मुदत ३१ मे. त्यापुढे एक दिवससुद्धा नाही. २०१९ च्या ऑगस्टात आणि २०२१ च्या जुलैत पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली होती. राजाराम बंधाऱ्याला ३९ फुटांवर इशारा आणि ४३ फुटांवर धोका, यावरून ५५ म्हणजे काय ते कळावं. दोन्ही वेळा शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू महामार्गच पाण्याखाली गेला. मदत घेऊन येणाऱ्या गाड्या अलीकडे-पलीकडे अडकून पडल्या आणि इकडे लोक गुऱ्हाळाच्या काहिलीत (गूळ उकळायच्या मोठ्या कढईत) बसून बाहेर निघत होते. पूर आल्यावर बोट मागवून उपयोग नसतो. ती आधीपासून दारात पाहिजे.

९ मार्च

वाहतुकीची चौकशी सुरू. कोल्हापुरातल्या, पुण्यातल्या आणि कोचीतल्या ट्रान्सपोर्ट कंपन्यांना फोन केले. जवळजवळ सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच: “वजन किती?”

४५० किलो म्हटलं की पलीकडून आनंदाने पार्ट लोडचा, म्हणजे इतरांच्या मालाबरोबर न्यायचा, दर येतो. माप सांगितलं की दर बदलतो. एका कंपनीने घनफुटाला १० किलो धरून हिशेब केला. १८ गुणिले साडेसहा गुणिले ३, म्हणजे ३५१ घनफूट. त्यांच्या लेखी आमची बोट साडेतीन टनांची झाली. यात त्यांची लबाडी नाही. बोट हलकी असली तरी गाडीचा अख्खा हौदा अडवते आणि तिच्यावर दुसरा माल ठेवता येत नाही. तेव्हा वजनाने भाव विचारण्यात अर्थ नाही. आजपासून पहिल्याच वाक्यात लांबी, रुंदी, उंची सांगायची आणि फोटो पाठवायचा.

एकाच माणसाने उलटा प्रश्न केला: “तळ कसा आहे? टेकवणार कशावर?” त्याचं नाव वहीत वेगळं लिहून ठेवलंय. तो मूळचा प्लायवूडच्या वाहतुकीतला. त्याच्याकडे सध्या गाडी मोकळी नाही.

१३ मार्च

ऑनलाइन चौकशी टाकल्यापासून फोन थांबत नाहीत. त्यातले बरेच दलाल, त्यांची स्वतःची एकही गाडी नाही. एकाने सगळ्यांच्या निम्म्याहून कमी दर सांगितला आणि “आत्ता पाच हजार यूपीआय करा, गाडी लॉक करतो” म्हणून पिच्छा पुरवला. गाडीचा नंबर द्या, आरसी दाखवा, कंपनीचा कॉमन कॅरियर (मालवाहतूकदार) नोंदणी क्रमांक द्या, असं तीनदा सांगितलं. तिन्ही वेळा उत्तर आलं, “भरोसा ठेवा साहेब.” विषय संपला.

पथकातल्या सगळ्यांना सांगून ठेवलंय: गाडी समोर उभी राहिल्याशिवाय कुणालाही एक रुपया द्यायचा नाही.

१६ मार्च

पार्ट लोड की पूर्ण गाडी, यावर आज बराच वेळ बोलणं झालं. पार्ट लोडचा सगळ्यात चांगला दर १९ हजार, पूर्ण गाडीचा ५२ ते ५८ हजार. फरक मोठा आहे आणि पैसा लोकांचा आहे, म्हणून आबा अडून बसले होते. त्यांचं म्हणणं रास्तच होतं.

मी त्यांच्यापुढे पार्ट लोडचा प्रवास मांडला. माल अरूरहून छोट्या गाडीने कोचीच्या गोडाऊनला जाणार. तिथून मोठ्या गाडीने बेंगळुरूचं हब. तिथे उतरवून, पुरेसा माल जमेपर्यंत थांबून, दुसऱ्या गाडीत. मग कोल्हापूरचं गोडाऊन, आणि तिथून पुन्हा छोटी गाडी. प्रत्येक ठिकाणी उचलणं आणि ठेवणं. गोडाऊनमध्ये बोट उचलायला पट्टे नसतात. असते ती फोर्कलिफ्ट, नाहीतर हमालांची खांदेपट्टी. फायबरच्या तळाखाली फोर्कलिफ्टची पाती घातली तर वरून काही दिसणार नाही. आतले थर सुटतील आणि ते कळेल ते पुराच्या पाण्यात, माणसं बसलेली असताना.

आबा म्हणाले, “मग पूर्ण गाडीच. पण भाडं खाली आणायचं बघ.”

२३ मार्च

आठवडाभर रात्री बसून नियम वाचले. पुढच्या मंडळाला उपयोगी पडतील म्हणून नीट लिहितोय.

पहिली गोष्ट गाडीच्या मापाची. मालवाहू गाडीची बाहेरून रुंदी २.६ मीटरच्या आत लागते. बोट दोन मीटर रुंद, म्हणजे तिकडे अडचण नाही. लांबीत मात्र लोक गफलत करतात. १७ फुटी आयशर स्वस्त पडते आणि ड्रायव्हर म्हणतात, फाळका (हौद्याची मागची फळी) खाली सोडू, फूटभर बाहेर राहील, दोरीला लाल फडकं बांधू. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ (१ए) प्रमाणे माल गाडीच्या पुढे, मागे, बाजूला किंवा ठरलेल्या उंचीबाहेर आला तर २० हजार दंड, शिवाय माल उतरवायचा खर्च आपला. तीन राज्यं ओलांडून चौथ्या राज्यात यायचंय. म्हणून २० फुटीच गाडी, आतून सात फूट रुंद, फाळका बंद करून.

दुसरी गोष्ट ई-वे बिल, म्हणजे माल रस्त्याने नेताना लागणारा जीएसटीचा ऑनलाइन कागद. माल ५० हजारांच्या वरचा आहे म्हणजे ते लागणारच. यार्ड जीएसटीत नोंदणीकृत आहे, बिल तेच काढतील. साध्या मालाला दर २०० किलोमीटरला एक दिवस मिळतो. अरूर ते कोल्हापूर बेंगळुरूमार्गे साधारण ११५० किलोमीटर, म्हणजे सहा दिवस. ओव्हर डायमेन्शनल (ठरलेल्या मापाबाहेरचा माल) म्हणून बिल काढलं तर २० किलोमीटरला एक दिवस मिळतो, पण आपला माल त्यात बसत नाही, तेव्हा उगाच ती खूण करायची नाही. वाटेत गाडी बिघडून दुसरीत माल घ्यावा लागला तर बिलाच्या ‘भाग ब’ मध्ये नवा गाडी नंबर चढवल्याशिवाय पुढे जायचं नाही. मुदत संपत आली तर संपण्याच्या आधी किंवा नंतर आठ तासांत वाढवून घेता येते.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची आणि तिच्याकडेच कुणाचं लक्ष नसतं. बिल्टीवर (माल घेतल्याच्या वाहतूकदाराच्या पावतीवर) बहुतेक कंपन्या ‘माल मालकाच्या जोखमीवर’ असा शिक्का मारतात. विचारलं तर म्हणतात, “गाडीचा इन्शुरन्स आहे की.” तो गाडीचा असतो, मालाचा नाही. कॅरेज बाय रोड कायदा २००७ चा आणि त्याचे नियम २०११ चे. त्यांच्याप्रमाणे मालाचं नुकसान झालं तर वाहतूकदाराची जबाबदारी भाड्याच्या दहापटीपर्यंत आणि जाहीर केलेल्या किमतीच्या आत. जास्त जबाबदारी हवी असेल तर जादा जोखमीचा दर आधीच ठरवून द्यावा लागतो. आता हिशेब करून बघा. बोट आणि ओबीएम मिळून बिल पावणेसहा लाखांचं. पार्ट लोडचं भाडं १९ हजार, दहापट १ लाख ९० हजार. बोट फुटली तर उरलेले जवळजवळ चार लाख गावाचे गेले. स्वस्त भाड्याबरोबर भरपाईही स्वस्त होते, हे त्या १९ हजारांच्या आकड्यात दिसत नाही.

आणि दावा करायचाच झाला तर बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसांच्या आत लेखी नोटीस द्यावी लागते. तोंडी भांडून काही होत नाही.

अक्कांनी विमा एजंटाला गाठलं. एका फेरीची ट्रान्झिट पॉलिसी, इनलँड ट्रान्झिट क्लॉज ‘ए’, चढवणं-उतरवणं धरून. ‘बी’ स्वस्त असतो, पण तो आग, अपघात असल्या नावानिशी लिहिलेल्या धोक्यांपुरताच. ‘ए’ घ्यायचं ठरलं.

३० मार्च

पाडवा. संध्याकाळी तालमीत बैठक. पूर्ण गाडी आणि ‘ए’ पॉलिसी, दोन्ही मंजूर.

६ एप्रिल

कोल्हापुरात लक्ष्मीपुरीतल्या एका प्लायवूडच्या दुकानात सहज बोलता बोलता मार्ग सापडला. केरळात एर्नाकुलम जिल्ह्यात पेरुंबावूर म्हणून गाव आहे, प्लायवूडच्या कारखान्यांचं. कोल्हापूरला येणारा बराच प्लाय तिकडचा. इथल्या गाड्या साखर भरून केरळात जातात आणि येताना प्लाय आणतात. म्हणजे अरूरच्या आसपास कोल्हापूरची गाडी कायम असते आणि तिला घरीच यायचं असतं.

मी इतके दिवस कोचीहून गाडी शोधत होतो. कोचीची गाडी कोल्हापूरला आली की तिला परतीच्या मालाची खात्री नसते, म्हणून ती परतीचं भाडंही आपल्याकडूनच काढते. कोल्हापूरच्या गाडीला आपली बोट हाच परतीचा माल. दुकानदारांनी तीन नावं दिली. त्यातलं एक, ज्याने तळाविषयी विचारलं होतं तोच.

८ एप्रिल

तळाविषयी विचारणाऱ्या त्या वाहतूकदाराच्या ऑफिसात जाऊन आलो. कंपनी लहान आहे, गाड्या स्वतःच्या. कॉमन कॅरियर नोंदणीचा कागद मागताच समोर ठेवला. मालक म्हणाले, “दादा, प्लाय आणला तर मला एवढे-एवढे सुटतात. तेवढे द्या, बोट आणतो. पण माझी गाडी तिकडे रिकामी उभी राहता कामा नये.”

४३ हजार ठरले. कागदावर काय काय लिहून घेतलं: गाडी २० फुटी, उघड्या हौद्याची. अरूरपासून कोल्हापूरपर्यंत तीच गाडी, मध्ये माल बदलायचा नाही. बोटीवर किंवा बोटीत दुसरा माल नाही. चढवताना १२ तासांपर्यंत थांबण्याचे पैसे नाहीत, पुढे दिवसाला दोन हजार. २५ टक्के रक्कम बोट चढवून बिल्टीचा फोटो आल्यावर, बाकीची उतरवून तपासणी झाल्यावर. हमाली, वाराई, हायड्रा (उचलायची क्रेन) आमच्याकडे. टोल त्यांच्याकडे. बोटीची किंमत बिल्टीवर पूर्ण लिहायची.

दहापटीचा मुद्दा मी काढला. ४३ हजारांचे ४ लाख ३० हजार होतात, पावणेसहा लाखांना कमी पडतात. मालक प्रामाणिकपणे म्हणाले, “वरचं मला झेपणार नाही, त्याला तुमची पॉलिसीच पाहिजे.” असं तोंडावर सांगणारा माणूस मला पटला.

१५ एप्रिल

पाळण्याचं काम, म्हणजे गाडीत बोट टेकवायच्या सांगाड्याचं. माझ्या मते सगळ्या प्रकल्पाचा जीव यात आहे.

फायबरची बोट पाण्यात असते तेव्हा पाणी तिला सगळीकडून सारखं उचलून धरतं. ट्रकच्या हौद्यात ती दोन-तीन ठिकाणीच टेकते आणि हजार किलोमीटर खड्ड्यांवर आपटते. टेकू चुकीच्या जागी आला तर तिथे तळ आत दबतो. म्हणून टेकू कण्याखाली सलग हवा, आणि बाजूचे टेकू आत जिथे आडव्या भिंती आहेत बरोबर त्यांच्या खाली.

यार्डवाल्यांनी मोठी मदत केली. बोटीच्या तळाचे दोन ठिकाणचे आकार ब्राऊन पेपरवर खऱ्या मापात काढून, गुंडाळून कुरिअरने पाठवले. कागदावर मल्याळममध्ये काहीतरी लिहिलंय आणि शेजारी बाण, ‘फ्रंट’. आज कोल्हापूरच्या उद्यमनगरात वर्कशॉपच्या फरशीवर ते कागद टेपने चिकटवले, कडेने खडूने रेघ मारली आणि त्या रेघेवर पट्टी वाकवून बघितली. उजवी-डावी बाजू दोन सुतांनी वेगळी निघाली. यार्डला फोन केला तर म्हणाले, साच्यात तसंच आहे, बरोबर आहे. म्हणजे दोन्ही बाजूंना वेगळे टेकू कापायचे. कागद मागवला नसता तर हे कळलं नसतं.

पाळणा एमएस (लोखंडी) अँगलचा, सगळा नटबोल्टचा, सुटा होणारा. कारण तो इथून साखरेच्या गाडीतूनच अरूरला जाणार आणि बोटीसकट परत येणार. टेकूवर आधी सागाची फळी, तिच्यावर जुन्या कन्व्हेअर बेल्टचा रबर, त्यावर गालिचा. रबर उघडा ठेवला तर जेलकोटवर (फायबरच्या वरच्या गुळगुळीत थरावर) काळे डाग उमटतात.

तोच पाळणा पुढे ट्रॅक्टरला जोडायच्या दोन चाकी गाड्यावर बसेल अशी भोकं ठेवली आहेत. म्हणजे बोट कोल्हापुरात आली की पाळण्यातून काढायचीच नाही.

२७ एप्रिल

पाळणा जोडून पाहिला, भोकं जुळतात. पुन्हा सुटा करून प्रत्येक तुकड्यावर पंचने नंबर मारले. पिशवीत जादाचे बोल्ट, वायसर, दोन पाने.

१० मे

हवामान खात्याचा अंदाज आला: मान्सून केरळात २७ मेच्या सुमारास. नेहमीची तारीख १ जून. यार्डला लगेच फोन केला, शेवटचा हात मारून तीन-चार दिवसांत बोट बाहेर काढतो म्हणाले. गाडीच्या मालकांनाही सांगितलं. ते म्हणाले, साखर १३ तारखेला भरतोय.

१३ मे

गाडी साखर भरून निघाली. पाळण्याचे तुकडे केबिनच्या मागे, पोत्यांच्या पुढच्या रांगेत बांधले. ड्रायव्हर कागल तालुक्यातले, पन्नाशीचे, सगळे त्यांना मामा म्हणतात. त्यांनी २०१८ च्या केरळच्या पुराची गोष्ट सांगितली. तेव्हा ते तिकडेच अडकले होते. मासेमारी करणारे लोक आपल्या बोटी रात्रीतून ट्रकवर चढवून आतल्या गावांना नेत होते, टायर आणि वाळूची पोती खाली घालून. मामा म्हणाले, “तवा बघितलंय, बोट कशी बांधत्यात ते. तुमी काळजी करू नगा.”

त्या मच्छीमारांनी हजारो माणसं वाचवली. आपली बोट त्याच किनाऱ्यावरून येतेय याचं मला फार बरं वाटतं.

१५ मे

पथकातले दोघे रेल्वेने कोचीला रवाना. बोट चढवताना आपला माणूस समोर असलाच पाहिजे, यावर मी ठाम होतो.

१७ मे

बोट चढली. दुपारभर व्हिडिओ कॉल सुरू होता.

आधी तपासणी. तळ, दोन्ही काठ, ट्रान्सम (बोटीची मागची भिंत), पुढचं टोक, सगळ्याचे फोटो, प्रत्येक फोटोत आजचं वर्तमानपत्र. पाणी काढायचं बूच काढून पिशवीत वेगळं ठेवलं. ते लावून ठेवलं तर वाटेतल्या पावसाचं पाणी बोटीत साचून वजन वाढतं. ओबीएम काढून त्याच्या स्वतःच्या खोक्यात, खोक्यावरच्या बाणाप्रमाणे, पुढच्या कोपऱ्यात बांधलं. पेट्रोलची टाकी नवी आणि कोरडी. तिच्यात थेंबभरही पेट्रोल घालायचं नाही हे यार्डला आधीच लिहून कळवलं होतं.

हायड्राला दोन रुंद नायलॉनचे पट्टे लावून बोट उचलली आणि फाळक्यावरून आत घेतली. पाळणा आधीच हौद्यात जोडून खिळवला होता. बोट खाली येताना शेवटचं चार बोटांचं अंतर उरलं तेव्हा सगळे गप्प. बसली. दोन्ही टेकूंशी कागदसुद्धा जाणार नाही इतकी बरोबर बसली.

मग पट्टे. यार्डच्या मुलांनी रॅचेट (पट्टा आवळायची कळ) इतकं कसलं की काठ किंचित आत आल्यासारखा मला स्क्रीनवर वाटला. मी बोलायच्या आतच मामा हौद्यात चढले, काठावर तळहात ठेवला, दोन दाते सैल केले. मग काठ आणि पट्टा यांच्यामध्ये जुन्या फायर होजचे तुकडे सरकवले. “घट्ट म्हंजे चांगलं न्हवं. हलाय नको एवढंच.” ताडपत्री बोटीला लागू दिली नाही, वर बांबू टाकून त्यावर ताणली. वाऱ्यावर फडफडणारी ताडपत्री दोन दिवसांत जेलकोटची चमक घालवते.

बिल्टीवर किंमत पूर्ण लिहिली आहे, ई-वे बिलावर गाडी नंबर बरोबर आहे, पॉलिसी आजपासून लागू. २५ टक्के रक्कम पाठवली. संध्याकाळी गाडी निघाली.

१८ मे

गाडी त्रिशूर ओलांडून कुथिरानच्या बोगद्यातून पालक्काडला पोचली, वाळयारला कागद दाखवून पुढे. पहिल्या ५० किलोमीटरला मामांनी थांबून पट्टे तपासले, फोटो पाठवला. संध्याकाळी सेलम.

१९ मे

दोन बातम्या एकाच दिवशी. मलप्पुरम जिल्ह्यात कूरियाडला काम सुरू असलेला राष्ट्रीय महामार्ग ६६ चा तुकडा खचला. किनाऱ्याने मंगळुरू, कारवारकडून येणारा रस्ता तोच. अंतर कमी म्हणून काहींनी तोच सुचवला होता. तिकडून शेवटी सह्याद्रीचा घाटही चढावा लागतो. मालकांनी पहिल्यापासून बेंगळुरूचा रस्ता धरला होता, ते बरं झालं.

दुसरी बातमी खुद्द बेंगळुरूची. रात्रभर प्रचंड पाऊस, शहरात ठिकठिकाणी पाणी. मामांचा सकाळी होसूरच्या पुढून फोन, गाडी अत्तिबेलेला बाजूला घेतलीये. मी म्हटलं, थांबा, अजिबात घाई नको, ई-वे बिलाला भरपूर दिवस आहेत. बूच काढल्याचा फायदा आज दिसला. ताडपत्रीतून झिरपलेलं पाणी मागून धारेने जात होतं, त्याचाही फोटो आला.

रात्री नाइस रोडने शहर टाळून तुमकूर रस्त्याला लागले.

२० मे

चित्रदुर्ग, दावणगेरे. हुबळीच्या अलीकडे मुक्काम. इकडे कोल्हापुरात वळिवाने झोडपलंय. उद्या चिखलात हायड्रा रुतायला नको म्हणून उतरवायची जागा पक्की केली: गोकुळ शिरगाव एमआयडीसीत मित्राच्या कारखान्याचं काँक्रीटचं अंगण. कागलकडून येताना ते शहराच्या आधीच लागतं, मोठ्या गाडीला शहरात शिरायची गरज नाही.

२१ मे

सकाळी निपाणी, कागल. कागलपासून सहापदरीकरणाच्या कामामुळे वळणं आणि धूळ-चिखल, गाडी हळूहळू आली.

उतरवण्याआधी हौद्यातच तपासणी, अरूरचे फोटो समोर धरून. अक्का एकेक फोटो मोठा करून विचारत होत्या आणि मी त्या जागेवर हात फिरवून सांगत होतो. उजव्या काठावर फायर होजचा एक तुकडा सरकला होता. तिथे जेलकोटवर हाताच्या बोटाएवढ्या लांबीचा पुसट ओरखडा. नखाने चाचपला, थर तसाच आहे, पॉलिशने जाईल. तरीही बिल्टीच्या पोचपावतीवर तेवढं लिहिलं, मामांची सही घेतली, माझीही केली. मामांना वाईट वाटलं. त्यांना म्हटलं, मामा, हे तुमच्यावर बोट दाखवायला नाही, कागद खरा राहावा म्हणून.

कुठे चीर नाही. तळावर टेकूच्या जागी खूणसुद्धा नाही. लाकडाच्या मुठीने हलकेच ठोकत पूर्ण तळ ऐकला, सगळीकडे आवाज सारखा.

हायड्राने पाळण्यासकट उचलून गाड्यावर ठेवली. पाळण्याला ठेवलेली भोकं जुळली. रात्री वाहतूक कमी झाल्यावर ट्रॅक्टरने रिंगरोड, फुलेवाडी, गंगावेस, शिवाजी पूल. गावाच्या वेशीत पोरं जागी होती. आबांनी नारळ फोडला.

बाकीची रक्कम रात्रीच पाठवली.

२४ मे

मान्सून आज केरळात दाखल. अंदाजापेक्षाही तीन दिवस आधी.

२८ मे

अक्कांचा हिशेब तालमीच्या फळ्यावर लागला. भाडं ४३ हजार. दोन्हीकडची हायड्रा, पॉलिसी, पाळण्याचं साहित्य, दोघांचा प्रवास असं सगळं धरून वाहतुकीचा खर्च ७० हजारांच्या थोडा आत. पाळण्याची मजुरी उद्यमनगरच्या मित्राने घेतली नाही.

कोचीच्या गाडीच्या दरात पाळणा आणि बाकी सगळं मिळवलं असतं तर आकडा बराच वर गेला असता. पण मला त्याहून मोलाचं वाटतं ते हे की अरूरला पट्टा सारखा करणाऱ्यापासून गोकुळ शिरगावला पट्टा सोडणाऱ्यापर्यंत माणूस एकच होता.

१ जून

ओरखडा पॉलिशने गेला. ओबीएम बसवलं, बूच लावलं. घाटाजवळ संथ पाण्यात चाचणी, आठ जण लाईफ जॅकेट घालून. तळात कोरडं फडकं ठेवलं होतं, तासाभराने ते कोरडंच निघालं.

राहिलेली कामं: तहसील कार्यालयात आपत्ती व्यवस्थापनाच्या यादीत बोटीची नोंद, चालवणाऱ्या चौघांचं प्रशिक्षण, गाड्याच्या चाकांना जादा ट्यूब. पाळण्याचं ड्रॉइंग आणि कंपनीशी केलेल्या कराराचा मसुदा तालमीच्या कपाटात ठेवला आहे. नदीकाठच्या कुठल्याही गावाने यावं आणि नक्कल घेऊन जावी.